‘मला घरी ने’ असे आई घरातच म्हणते तेव्हा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या एका वाचकांनी हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या वडिलांना, अण्णांना, स्मृतिभ्रंश होता. एप्रिल २०२१मध्ये अण्णांना कोरोनाची लागण झाली, ऑक्सिजन ८४वर आला आणि दीड दिवस फोन केल्यावर एका रुग्णालयात खाट मिळाली. दारातून आत नेलेले अण्णा घरच्यांना पुन्हा दिसले नाहीत. नवव्या दिवशी निरोप आला आणि अमरधाममध्ये पिशवीत गुंडाळलेल्या देहाला लांबूनच नमस्कार करावा लागला. आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आईचा अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, शेवटच्या टप्प्यात आहे. ती दिवाळीपासून अंथरुणाला खिळली आहे आणि घास गिळताना तिला ठसका लागतो. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियासाठी तिला रुग्णालयात ठेवले, तेव्हा सलाईन काढून टाकते म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. संध्याकाळ झाली की ती ‘मला घरी ने’ म्हणते आणि त्या वेळी ती घरातच असते. ‘आईला आता रुग्णालय दाखवायचे नाही, ती घरीच जाईल’ असा वाचकांनी निश्चय केला आहे. ठाण्याच्या त्यांच्या ताईंना मात्र हे आईला हातांनी मारण्यासारखे वाटते, तर मेहुण्यांनी एखाद्या शुश्रूषा केंद्राचा पर्याय सुचवला आहे. ‘माझा निश्चय बरोबर आहे ना, आणि तो ताईला कसा पटवू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आईविषयी आहे, पण त्यातली सर्वांत जास्त वाक्ये अण्णांवर खर्च झाली आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करणे मला योग्य वाटते. ‘मी अण्णांना त्या दारात सोडून आलो,’ असे तुम्ही लिहिले आहे. या वाक्यातील ‘सोडून’ हा शब्द मला मान्य नाही. ज्या आठवड्यात तुम्ही खाट शोधत होता, त्याच सुमारास, २१ एप्रिल २०२१ रोजी, आपल्याच शहरात महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. रुग्णालयात नेण्याचीही भीती होती आणि न नेण्याचीही. घरी सिलिंडर मिळत नव्हता, मिळाला तरी भरून मिळेल याची खात्री नव्हती आणि तुमच्यासमोर श्वासासाठी तडफडणारा माणूस होता. त्या घडीला तुम्ही जे केले, ते कोणत्याही मुलाने केले असते. अण्णांना आत काय वाटले असेल, हे मात्र मी सांगू शकत नाही आणि त्याबाबत खोटा दिलासाही देणार नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला चेहरा, आवाज आणि हाताचा स्पर्श यांच्याच आधाराने जग ओळखू येत असते. त्या विभागात चेहरे झाकलेले होते, हात मोज्यांत होते आणि ओळखीचा आवाज दाराबाहेर थांबवलेला होता. हे दुःख खरे आहे. ते तुम्ही निर्माण केलेले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

महासाथीने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे मरण्याचे ठिकाण कसे हलवले, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या निश्चयाचा पाया त्यातच आहे. महासाथीच्या कितीतरी आधी युरोपातील पाच प्रदेशांची तुलना झाली होती. तीत नेदरलँड्समध्ये अशा वृद्धांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचा मृत्यू शुश्रूषागृहात होत असल्याचे दिसले, तर वेल्समध्ये जवळजवळ निम्म्यांचा रुग्णालयात. स्वतःच्या घरी जाणारे बहुतेक ठिकाणी शंभरात तीन ते पाचच होते. आजार तोच असूनही ठिकाणे इतकी वेगळी असतील, तर ते ठिकाण रुग्णाच्या इच्छेपेक्षा तिथल्या व्यवस्थेने ठरवलेले असते, असाच त्याचा अर्थ होतो. मग २०२० साल आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये पहिल्या लाटेत कोरोनाने दगावलेल्यांना आधीपासून जे आजार होते, त्यांत स्मृतिभ्रंश सर्वांत वर होता. रुग्णालये रिकामी करण्यासाठी अनेक वृद्धांना तपासणीविनाच शुश्रूषागृहांत पाठवले गेले आणि हे धोरण बेकायदा होते, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये दिला. त्याच काळात कोरोनाखेरीज इतर कारणांनी रुग्णालयात होणारे मृत्यू कमी झाले आणि घरी होणारे वाढले, आणि ही वाढ पहिली लाट ओसरल्यानंतरही टिकली.

घरचे मृत्यू वाढले, हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल. मला तसे वाटत नाही. मृत्यूच्या नोंदीत ‘घर’ हा एक रकाना असतो. त्या घरी परिचारिका येत होती का, वेदनेवर औषध होते का, रात्री दोन वाजता फोन उचलणारे कोणी होते का, यांपैकी काहीही तो रकाना सांगत नाही. आपल्याकडे तर हे दोन्ही बाजूंनी घडले. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज आहे आणि त्यांचा सांभाळ जवळजवळ पूर्णपणे घरातच होतो. अण्णांसारखे जे आपल्या अंथरुणावर गेले असते, ते परक्यांच्या गर्दीत गेले आणि ज्यांना खाट हवी होती, त्यांतले काही जण ती न मिळाल्याने घरी, धाप लागलेल्या अवस्थेत गेले. या दुसऱ्या घरांतल्या मुलांना विचाराल, तर ‘आता आईला घरी मरू देणार नाही’ असा बरोबर उलटा निश्चय त्यांच्या तोंडून ऐकू येईल.

तसाच निश्चय तुमच्या ताईंचाही आहे, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, की ताईंच्या घरात तेव्हा सगळे तापाने आजारी होते आणि त्यांना येता आले नाही. ज्या दीड दिवसात खाट मिळत नव्हती, तो दीड दिवस त्यांनी ठाण्यात फोन हातात धरून काढला आहे. तुम्हाला अण्णा रुग्णालयात एकटे पडले याची बोच आहे. ताईंना बोच आहे ती अण्णांना उपचार उशिरा मिळाले याची. एकाच दिवसाने तुम्हा दोघांना दोन वेगळ्या शपथा घ्यायला लावल्या आणि आता त्या दोन्ही शपथा आईच्या खाटेशी भांडत आहेत. म्हणून ताईंना ‘पटवू’ नका. अण्णा गेले त्या दिवसाविषयी तुम्ही दोघे आजवर नीट बोलला आहात का, असे मला विचारावेसे वाटते. ते बोलणे आधी होऊ द्या. आईचा निर्णय त्यानंतर.

आता आईच्या त्या वाक्याकडे वळतो. इंदिरानगरच्या घरात गेली बावीस वर्षे राहिलेली तुमची आई संध्याकाळी ‘मला घरी ने’ म्हणते. तुम्ही त्याचा अर्थ ‘तिला घरीच राहायचे आहे’ असा लावला आहे. या आजाराच्या असंख्य माणसांच्या तोंडी हे वाक्य दिवस मावळताना येते आणि त्यातले घर हे बहुधा आजचे घर नसते. ते निफाडकडचे माहेर असेल, चुलीपाशी बसलेली तिची आई असेल, किंवा नुसतीच जिथे भीती वाटत नव्हती अशी एखादी जागा असेल. ‘अगं, हे घरच आहे’ असे सांगून तिचे समाधान होत नाही, हे तुम्ही अनुभवले असेलच. मात्र कोणी जवळ बसून हात हातात घेतला, माहेरच्या मळ्याविषयी विचारले, दिवा लावला, की ती शांत होते, असेही तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा तिला जे हवे आहे, ते चार भिंतींमध्ये नसून त्या हातात आहे. रुग्णालयात तिचे हात बांधले गेले, ते तिथे ओळखीचे कोणी नव्हते म्हणून. एक माणूस उशाशी बसू दिला असता, तर कदाचित बांधावे लागले नसते.

म्हणून ‘घर की रुग्णालय’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि त्याऐवजी दोन प्रश्न घ्या. आईजवळ कोण असेल, आणि तिला कशासाठी त्रास द्यायचा व कशासाठी नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आजार कुठवर आला आहे, हे दोघा भावंडांनी एकत्र बसून डॉक्टरांकडून ऐकायला हवे. अल्झायमरने माणूस फक्त विसरतो, असे आपण समजतो. तो जीवघेणा आजार आहे, हे घराघरांत कोणी मोकळेपणाने बोलत नाही. अमेरिकेत शुश्रूषागृहांतील प्रगत स्मृतिभ्रंशाच्या ३२३ रुग्णांची १८ महिने पाहणी केली गेली आणि ती २००९मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण गेले, शंभरातल्या शहाऐंशी जणांना खाण्यागिळण्याचा त्रास सुरू झाला आणि ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांतले जवळजवळ निम्मे सहा महिन्यांत गेले. तुमच्या आईला ठसकाही लागतो आणि न्यूमोनियाही होऊन गेला आहे. हे आकडे तिच्या तारखा सांगत नाहीत. पण हा न्यूमोनिया एखादा अपघात नसून आजाराचाच पुढचा टप्पा आहे, हे कळले, तर ‘उपचार थांबवणे म्हणजे आईला मारणे’ हे ताईंचे वाक्यही वेगळे दिसू लागेल.

आता तुमच्या निश्चयातील कच्चा भाग सांगतो. ‘रुग्णालय दाखवायचेच नाही’ ही शपथ आईच्याच विरोधात जाऊ शकते. उद्या कूस बदलताना तिच्या खुब्याचे हाड मोडले, लघवी अडून पोट तटतटले, किंवा घरच्या औषधांनी वेदना आटोक्यात येईना, तर तिला रुग्णालयात न्यावे, आणि नेताना मनात अपराध ठेवू नये. त्या वेळी तिच्यासोबत चोवीस तास घरचे कोणीतरी राहील आणि हात बांधले जाणार नाहीत, हे दाखल करतानाच ठरवून घ्यावे. दुसरीकडे, पुन्हा ताप आला किंवा छातीत कफ भरला, तर घरीच प्रतिजैविक, ताप उतरवणारे औषध आणि गरज भासल्यास ऑक्सिजन देता येईल का, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर आणि अन्न देण्यासाठी नाकातून पोटात घातलेली नळी या तीन गोष्टींवर मात्र थांबून विचार करावा. या नळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. या टप्प्यावर तिने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे दिसलेले नाही आणि अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही तिच्याऐवजी हाताने भरवण्याचीच शिफारस करते. आईला बसते करून, मान किंचित पुढे झुकवून, लहान चमच्याने मऊ खिमट किंवा दाटसर पेज द्या. ठसका लागला की थांबा. तोंड मिटले की ‘एक घास’ म्हणून आग्रह करू नका. अन्न कमी झाले म्हणून ती जात नाही, ती जात आहे म्हणून अन्न कमी होते. आपल्याकडे भरवणे हीच माया असल्याने हे मानणे फार जड जाते, याची मला कल्पना आहे.

दुखते आहे, हे तिला सांगता येणार नाही. कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, अंग ताठ करणे, कूस बदलताना हात झिडकारणे, जवळ घेतल्यावरही शांत न होणे, ही तिची भाषा समजा आणि तशी नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. वेदना जास्त असेल तर मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरू नका. योग्य मात्रेत ते सुटका करते, मृत्यू ओढवत नाही. यासाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचे शास्त्र, जाणणाऱ्या डॉक्टरांची गाठ घ्या. जिल्हा रुग्णालयात आणि कर्करोगाच्या रुग्णालयांत याची चौकशी करता येते. ही सेवा फक्त कर्करोगासाठी असते, असा समज आहे. तो सोडून द्या.

घरी ठेवायचे तर घरही तयार असावे लागते. रात्रीबेरात्री घरी येतील, निदान फोनवर बोलतील आणि शेवटी मृत्यूचे प्रमाणपत्र देतील, असे एक डॉक्टर आधीच ठरवा. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये द्यायचे असते आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेलेच नाही, ते सही करायला कचरतात आणि मग ऐन वेळी घरच्यांची धावपळ होते. ही गोष्ट लहान वाटते, पण अनेक कुटुंबे केवळ याच धास्तीने शेवटच्या तासाला रुग्णवाहिका बोलावतात.

तुमच्या पत्रात आणखी एक मोठी पोकळी आहे. ‘आम्ही आईचे सगळे करतो’ असे तुम्ही चार वेळा लिहिले आहे. डायपर कोण बदलते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा कूस कोण वळवते, भरवते कोण? तुम्ही सकाळी आठ वाजता अंबडच्या कारखान्यात जाता, हेही तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ‘आम्ही’मधला मोठा भाग तुमच्या पत्नीचा आहे आणि तुमच्या निश्चयाविषयी त्यांचे मत पत्रात कुठेच नाही. हा निश्चय पाळायचा आहे त्यांना. त्यांना विचारा आणि ‘माझी काही हरकत नाही’ या उत्तरावर थांबू नका. रात्रपाळीसाठी मदतनीस ठेवणे, आठवड्यातून दोन रात्री तुम्ही स्वतः उशाशी बसणे, महिन्यातला एक आठवडा ताईंनी येऊन राहणे, यांतले काही जमले, तरच घर हा पर्याय खरा आहे. ताई चार दिवस भरवतील, तेव्हा जे तुम्ही त्यांना बोलून पटवू पाहता, ते त्यांना न बोलता दिसेल. कदाचित त्यांना दिसलेले एखादे तुम्हालाही मानावे लागेल. मन फार थकले तर १४४१६ हा टेलि-मानसचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा, असे दोन मोफत क्रमांक आहेत. पत्नीलाही ते देऊन ठेवा.

मेहुण्यांनी सुचवलेले शुश्रूषा केंद्र तुम्ही एका शब्दात झिडकारले आहे. मी तसे करणार नाही. ज्या घरी दिवसा कोणीच नसते, किंवा सांभाळणारी एकटी बाई स्वतःच आजारी आहे, त्यांच्यासाठी चांगले केंद्र हा मायेचाच निर्णय ठरू शकतो. फक्त महासाथीने शिकवलेले प्रश्न तिथे विचारावेत. शेवटच्या दिवसांत घरच्यांना कोणत्याही वेळी आत बसू देता का? उद्या साथ आली आणि दारे बंद झाली, तरी घरच्या एका माणसाला मास्क घालून आत सोडाल का? रात्री प्रकृती बिघडली तर आधी आम्हाला फोन कराल की थेट रुग्णवाहिकेला? इंग्लंडमध्ये तर एप्रिल २०२४पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता, भेटीला आलेल्यांना अडवू नये, असा नियमच शुश्रूषागृहे आणि रुग्णालये यांच्यासाठी लागू झाला. आपल्याकडे तसा नियम नसेल, तर प्रवेशाच्या कागदावर ते लिहून घ्यावे.

कायद्याविषयी थोडे. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. मात्र लिहिणाऱ्याचे भान शाबूत असावे लागते, त्यामुळे आईसाठी ही वाट बंद झाली आहे. रुग्णालयात चालू असलेले जीवरक्षक उपचार थांबवायचे झाल्यास नातेवाईक आणि डॉक्टरांच्या मंडळांची ठरलेली प्रक्रिया असते; म्हणूनच काय सुरू करायचे, याचा विचार सुरू करण्यापूर्वीच झालेला बरा. तुम्ही, पत्नी आणि ताई यांनी स्वतःसाठी मात्र हे जरूर लिहून ठेवावे. तुमच्या आईवडील दोघांनाही हा आजार झाला, तेव्हा आपल्या मुलांना अशा कोड्यात टाकायचे की नाही, हे आज, भान असताना, तुमच्या हाती आहे.

शेवटचे दिवस आले, की आई पाणीही घेईनाशी होईल, हातपाय गार पडतील, श्वासात थांबे येतील, घशात घरघर होईल. ही घरघर ऐकणाऱ्याला जितकी असह्य होते, तितका तिला तिचा त्रास बहुधा होत नसतो. तिला कुशीवर वळवा. आपल्या रीतीने तुळशीपत्र आणि गंगाजल द्याल, तेव्हा चमच्याने तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते; कापसाच्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करा. अण्णांच्या वेळी हे करायचे राहून गेले, असे तुम्ही लिहिले आहे.

आणि एक कागद लिहा. त्यावर आईचा आजार, चालू औषधे, काय करायचे, काय करायचे नाही आणि डॉक्टरांचा क्रमांक असू द्या. खाली तुम्हा तिघांच्या सह्या असाव्यात. तो कपाटाच्या दारावर लावा, कारण तो क्षण आला की शेजारी धावत येतात, कोणीतरी १०८ला फोन करते आणि मग कोणाचाच विचार जागेवर राहत नाही. त्या कागदावर सर्वांत वर ताईंचा क्रमांक लिहा. ठाण्याहून कसारा घाट चढून नाशिकला पोहोचायला चार तास धरावे लागतात. म्हणून आईचा श्वास बदलला असे तुम्हाला किंवा पत्नीला वाटले, खात्री नसली तरीही, की पहिला फोन ताईंना करा.